जगात जर्मनी, भारतात परभणी आणि दोघांच्या मधे एक आंबुली

अ‍ॅक्वेरियम पाळणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याच्या काचेच्या टाकीत डोकावून बघा. मागच्या बाजूला पिसासारख्या पानांचं, फिकट हिरवं, देठाभोवती पानांची गोल झालर असलेलं एक झुडूप बहुतेक वेळा दिसेल. नाव विचारलंत तर उत्तर येईल, 'अँब्युलिया'. कुरिअरने पुण्या-मुंबईहून किंवा कोलकात्याहून मागवलेलं असेल. पाकिटावरही तेच नाव. ऐकायला परदेशी, म्हणून थोडं महागही वाटतं.

आता हेच नाव सावकाश उच्चारून बघा. अँब्युलिया. अंबुलिया. आंबुली.

ही आंबुली आपलीच. (अबोली नव्हे हं, गजऱ्यातलं फूल वेगळं.) परदेशी वाटणारं हे नाव मुळात कोकणी-मराठी आहे. ते इथून निघालं, अ‍ॅमस्टरडॅम-पॅरिस करून युरोपातल्या घराघरांत गेलं आणि आता कुरिअरच्या पाकिटात बसून परभणीत परत आलं. माझं संशोधन पाणवनस्पतींची नावं आणि त्यांचा व्यापार यांच्या इतिहासावर आहे. 'पाण्यातल्या गवतावर कसली पीएच.डी.?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आजचा लेख हेच त्याचं उत्तर. अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या कुंडीत अ‍ॅक्वेरियमची रोपं वाढवायचा छंद मराठवाड्यातही रुजू शकतो, म्हणून सुरुवात कुंडीपासूनच करू.

पाण्यातलं झाड कुंडीत कसं वाढतं?

पहिला प्रश्न साहजिक आहे. पाण्यात राहणारं झाड मातीच्या कुंडीत, उघड्या हवेत कसं जगेल?

अ‍ॅक्वेरियमची बरीचशी झाडं खरं तर दुहेरी संसार करणारी आहेत. ओढ्याच्या काठावर, भातखाचरात, पावसाळी डबक्यात त्यांचं घर असतं. पावसाळ्यात पाण्याखाली, नंतर चिखलात आणि उन्हाळ्याआधी बी टाकून मोकळी, असं त्यांचं वर्ष जातं. त्यामुळे त्यांच्याकडे पानांचे दोन संच असतात. हवेतलं पान जाडसर असतं, त्यावर मेणाचा थर असतो आणि श्वासाची छिद्रं असतात. पाण्यातलं पान पातळ आणि चिरलेलं असतं, त्याला छिद्रांची गरजच नसते. कारण साधं आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मिळेल तेवढा ओढून घ्यायचा तर पान पातळ हवं आणि त्याचा पृष्ठभाग जास्त हवा. म्हणून एकाच आंबुलीच्या पाण्यातल्या फांदीवर पिसासारखी पानं दिसतात आणि पाण्याबाहेर आलेल्या शेंड्यावर साधी, दातेरी.

ब्राह्मी, आंबुली, हायग्रोफिला, रोटाला, क्रिप्टोकोरीन ही सगळी या दुहेरी गटातली. ती ओल्या मातीत, पाण्याबाहेर मजेत वाढतात. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया (पट्टीसारख्या लांब पानांची) मात्र पक्की पाण्यातली. त्यांना बाहेर काढलं की तासाभरात मान टाकतात. त्यांच्यासाठी कुंडी नाही, टब लागतो. तिसरा गट कमळ आणि कुमुदाचा. त्यांची मुळं चिखलात असतात आणि पानं वर.

हे तीन गट लक्षात ठेवा. पुढचा इतिहास त्यांच्याच जोरावर घडला आहे.

कोचीतले तीन पंडित

आता नावाकडे येऊ. सतराव्या शतकात कोचीला डचांचं राज्य होतं आणि हेंड्रिक व्हान रीड हा तिथला गव्हर्नर होता. मलबारातल्या झाडांचा एक प्रचंड ग्रंथ त्याने करून घेतला. त्याचं नाव 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. ग्रंथावर नाव रीडचं असलं तरी ज्ञान इथल्या लोकांचं होतं. इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य, आणि त्यांच्यासोबत रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांनी दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. १६७८ साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये.

झाडाचं चित्र, त्याचं मलयाळी नाव आणि 'ब्राह्मणांच्या भाषेतलं' नाव, अशी या ग्रंथाची पद्धत आहे. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका सुगंधी झुडपाचं मलयाळी नाव 'मांगानारी' असं दिलं आहे आणि कोकणी नाव 'आंबुली'.

पुढे शंभरेक वर्षांनी पॅरिसमध्ये लामार्क आपला वनस्पतिकोश लिहित होता. उत्क्रांतीच्या संदर्भात शाळेत ज्याचं नाव आपण ऐकलं, तोच हा लामार्क. या झाडाला शास्त्रीय नाव देताना त्याने कोकणी शब्दच उचलला आणि १७८३ मध्ये 'अँब्युलिया' हे कुळनाव जन्माला आलं. १८१० साली रॉबर्ट ब्राऊनने ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवर काम करताना याच गटाला 'लिम्नोफिला' म्हटलं, म्हणजे तळ्याची आवड असलेली. शास्त्राने पुढे ग्रीक नाव कायम केलं आणि कोकणी नाव बाजूला पडलं. माळ्यांच्या, दुकानदारांच्या आणि छंदवाल्यांच्या तोंडात मात्र अँब्युलियाच राहिली. शास्त्राने काढून टाकलेलं नाव बाजाराने जपलं, ही गंमत बघा.

इकडे महाराष्ट्रातही ते जिवंत होतं. मुंबईच्या विल्यम डायमॉकने दोन सहकाऱ्यांसोबत १८९० च्या दशकात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा औषधी वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्यातही या वनस्पतीचं मराठी नाव आंबुलीच आहे. बंगालीत हिला 'कर्पूर' म्हणतात. पान चुरगाळून वास घ्या, का ते कळेल.

काचेतलं तळं

पण ही झाडं लोकांच्या बैठकीत कशी पोचली? त्याचं श्रेय लंडनच्या एका रसायनशास्त्रज्ञाला जातं. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टनने एका प्रयोगाची माहिती मांडली. त्याने १२ गॅलनच्या पात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. कुजणाऱ्या पानांनी पाणी खराब व्हायला लागलं, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, झाडाने प्राणवायू दिला, आणि पाणी न बदलता मासे जगले. घरातल्या अ‍ॅक्वेरियमची कल्पना पक्की झाली ती अशी. त्या कल्पनेच्या मध्यभागी मासा नव्हता, झाड होतं, हे आपण विसरतो.

१८५६ मध्ये जर्मनीत रॉसमेसलर नावाच्या निसर्गलेखकाने एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहिला. मथळा होता 'काचेतलं तळं'. त्यानंतर जर्मन घरांत हा छंद झपाट्याने पसरला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानाने म्हणतो ना? अ‍ॅक्वेरियमच्या बाबतीत म्हणीचा पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. दुसरा खरा करणं आपल्या हातात.

काचेच्या टाक्या वाढल्या तशी रोपांची मागणी वाढली. ती भागवायला उष्ण देशांतली झाडं जहाजातून जाऊ लागली. त्यासाठी लागणारी काचेची बंद पेटी लंडनच्याच नॅथॅनिएल वॉर्डने १८३० च्या दशकात लोकप्रिय केली होती. पण खरी कलाटणी मिळाली ती कुंडीमुळे. १९७० साली डेन्मार्कमध्ये होल्गर विंडेलोव्ह यांनी 'ट्रॉपिका' ही पाणवनस्पतींची रोपवाटिका सुरू केली. अशा रोपवाटिकांत दुहेरी संसाराची झाडं छोट्या जाळीदार कुंड्यांत, पाण्याबाहेर, दमट काचघरात वाढवतात. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, म्हणून वाढ भराभर होते. पानांवर शेवाळ चढत नाही, सोबत गोगलगायींची अंडी येत नाहीत, आणि ताठ देठामुळे रोप प्रवासात टिकतं.

दुकानातून आणलेल्या रोपाची पानं टाकीत लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत का गळतात, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. रोप मेलेलं नसतं. ते हवेतले कपडे उतरवून पाण्यातले घालत असतं.

आपल्या अंगणातलं पाणी

कुंडीत पाणवनस्पती वाढवणं ही काही युरोपची कल्पना नव्हे. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतकं मातीच्या मोठ्या भांड्यांत पाळले गेले. तिथे १८०८ मध्ये यांग झोंगबाओ यांनी फक्त कुंडीतल्या कमळांवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात ३३ वाणांची नोंद केली.

मग मराठवाड्यात अशी परंपरा का दिसत नाही? मला वाटतं, उत्तर पाण्याच्या किमतीत आहे. आपल्याकडे साठवलेलं पाणी शोभेचं नव्हतंच कधी. चारठाण्याची किंवा सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव बघा. कितीही देखणी असली तरी मुळात ती पाण्यापर्यंत उतरायची सोय आहे. घरातला रांजण पिण्याचा, दारातला हौद जनावरांचा आणि धुण्याचा. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण बघितलं आहे. अशा भागात टबभर पाण्यात झाड लावणाऱ्याला शेजारी नावं ठेवतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

दुसरी अडचण डासांची. आरोग्य खातं सांगतं, आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा आणि सगळी भांडी रिकामी करा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. सल्ला बरोबरच आहे. पण झाडांचा टब दर आठवड्याला रिकामा कसा करणार? यावरचा तोडगाही आरोग्य खात्याकडेच आहे, तो म्हणजे गप्पी मासे. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांच्या अळ्या खाण्यासाठी भारतात आणला गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी पाळलेला पहिला मासा हाच, ग्रामपंचायतीने हौदात सोडलेला. टबात चार-पाच गप्पी असले की अळी दिसत नाही. पण ते टबातच राहू द्या, ओढ्यात सोडू नका, तिथल्या मूळ माशांना त्यांचा त्रास होतो.

परभणीत करायचं तर

आता हिशेब. ६० सेंटिमीटर व्यासाच्या टबाचा पृष्ठभाग साधारण ०.२८ चौरस मीटर असतो. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर रोज जवळपास २.८ लिटर पाणी वर घालावं लागेल. महिन्याला झाले ८५ लिटर. शेडनेटखाली हा आकडा कमी होतो, पण शून्य होत नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्यात टबापेक्षा कुंडी बरी. बूड बंद असलेलं एक घमेलं घ्या, त्यात तीन-चार सेंटिमीटर पाणी ठेवा आणि आत छोट्या कुंड्या मांडा. खाली काळी माती, वर वाळूचा बोटभर थर. काळी माती पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवते, पण सुकली की भेगाळते आणि मुळं तोडते, तेव्हा ती वाळू द्यायची नाही. शेणखत चिमूटभरच, नाहीतर पाणी सडतं. आठ-दहा सेंटिमीटरचा शेंडा खोचा आणि पहिले पंधरा दिवस अर्धी कापलेली प्लास्टिकची बाटली त्यावर पालथी घाला, म्हणजे आत दमटपणा राहील. घमेल्यातल्या पाण्यात मासे जगणार नाहीत, पण ते पाणी रोपांना धक्का न लावता आठवड्याला ओतून, घमेलं घासून पुन्हा भरता येतं. कोरडा दिवस पाळला जातो आणि रोपंही वाचतात. ओतलेलं पाणी तुळशीला घाला.

सुरुवात जून-जुलैत करा. एप्रिल-मेच्या झळांत कोवळा शेंडा दुपारपर्यंत टिकत नाही, आणि डिसेंबरच्या कडाक्यात वाढ थांबते. भिंतीच्या पूर्वेला, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा उत्तम.

पाण्याचं काय? आपल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, तोच पुरावा. मऊ पाण्याची सवय असलेली नाजूक झाडं इथे कुरकुरतात. पण हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवू शकतात, त्यामुळे जड पाणी त्यांना मानवतं. त्यांच्या पानांवर चुन्याची पांढरी पूड दिसली तर घाबरू नका, ती त्याच कामाची खूण आहे. नाजूक रोपांसाठी पावसाचं पाणी साठवा, अर्थात झाकून.

नकाशातली पोकळी

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा प्रमाणग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात लिहिला. हे कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. कोकण, देश, खानदेश, गुजरात, सिंध, कारवार सगळं त्यात आहे, आणि जागोजागी मराठी नावंही आहेत. परभणी मात्र नाही. कारण परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, इलाख्याच्या हद्दीबाहेर. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्रात. संपूर्ण मराठवाड्याची वनस्पतिसूची हाती आली ती १९९८ मध्ये, डॉ. वसंत नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'च्या दोन खंडांतून.

म्हणजे दोन सूचींत नव्वद वर्षांचं अंतर. याच नव्वद वर्षांत धरणं झाली, विहिरींवर मोटेच्या जागी इंजिनं आणि मग पंप आले, गावतळी गाळाने भरली. झाडं राहिली असतील तरी त्यांना नावाने हाक मारणारे लोक कमी होत गेले. सातारच्या पठारावरचा वायतुरा बघा. त्याला १९८२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, कास जागतिक वारशात गेलं, आज लोक रांगा लावून तो बघतात. आपल्या तळ्यातल्या झाडाकडे बघायला रांग नाही, कारण ते 'शेवाळ' आहे. हिरवं आणि ओलं दिसलं की शेवाळ, एका शब्दात सगळं उरकतं.

नाव नसलेल्या गोष्टीचं रक्षण करता येत नाही. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी एक नाव सांगितलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी मला आंबुलीचा माग काढता आला. ज्या झाडाचं नाव कुणी सांगितलंच नाही, त्याचा माग कोण काढणार?

एक पथ्य

छंद लागलाच तर एक पथ्य मात्र पाळा. नको झालेली रोपं नाल्यात, तळ्यात, नदीत टाकू नका.

१९५० च्या दशकात श्रीलंकेहून हायड्रिलाच्या जुड्या अ‍ॅक्वेरियमसाठी फ्लोरिडात गेल्या. 'इंडियन स्टार-वाइन' असं भारदस्त नाव देऊन त्या विकल्या गेल्या, आणि काही कालव्यात टाकल्या गेल्या. आज हायड्रिला अमेरिकेतल्या सगळ्यात त्रासदायक पाणतणांपैकी एक आहे. आपल्याकडची हायग्रोफिला पॉलिस्पर्मा १९४५ साली तिथे अ‍ॅक्वेरियमसाठी गेली, तिचंही तेच झालं. उलट दिशेने आपल्याकडे काय आलं? जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतलं हे जांभळ्या फुलांचं झाड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोभेसाठी बंगालमध्ये आलं. तिथे त्याने नद्या-तळी एवढी अडवली की १९३६ मध्ये त्याच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. गोदावरीकाठच्या वाचकांना पुढचं सांगायची गरज नाही.

झाड मुळात वाईट नसतं. घरच्या ओढ्यात त्याला खाणारे, कुजवणारे, आवरणारे असतात. परक्या पाण्यात ते नसतात. म्हणून जादा रोपं उन्हात वाळवा आणि कंपोस्टमध्ये टाका. आणि छंदासाठी ओढ्यातून झाड उपटून आणू नका. एक शेंडा खुडलात तर कुंडीत त्याचे पन्नास होतात, मुळं जागेवर राहतात.

या पावसाळ्यात गावाकडे गेलात की तळ्याच्या काठी थोडा वेळ थांबा. पाण्यात काय काय उगवलंय ते बघा, फोटो काढा, आणि घरातल्या आजी-आजोबांना किंवा जनावरं चारणाऱ्या काकांना विचारा, 'याला काय म्हणतात हो?' जे नाव सांगतील ते जसंच्या तसं, त्यांच्या उच्चारात लिहून ठेवा. सोबत गावाचं नाव, तारीख आणि पाणी किती खोल होतं तेही लिहा. बंगालीत, तेलुगूत, लमाणी बोलीत असेल तरी चालेल. 'शेवाळ' म्हणाले तर अजून एकदा विचारा.